कंदील छाप

निपाणीत जुन्या वखारीच्या भिंतीवर
सकाळी सव्वासहाला ऊन तिरपं येतं.
बारा-पंधरा मिनिटं, जास्त नाही.
तेवढ्या वेळात कुंचल्याचा एकेक फराटा उठून दिसतो,
नंतर सगळं चाळलेल्या पिठासारखं सपाट.

माझा हा तिसरा रविवार.
पहिल्या रविवारी भिंतीला टेकून मालट्रक उभा होता,
क्लीनर टपावर झोपलेला.
दुसऱ्या रविवारी ढग.
तेव्हा बसस्टँडमागं तौसिफ मुल्लाच्या फ्लेक्सच्या दुकानात जाऊन बसलो.
मशीन एका वाढदिवसाचा चेहरा
कपाळापासून खाली सावकाश छापत होतं.
तौसिफ म्हणाला,
"दस्तगीर पेंटर माझा आज्जा, सर.
पण त्याला वाचाय येत नव्हतं.
मराठी बी न्हाई, कन्नड बी न्हाई.
मालक कागदावर लिहून द्यायचे,
आज्जा चौकटी आखायचा,
सुतळीला खडू चोळून भिंतीवर फटका मारायचा,
अन् चित्र काढल्यागत अक्षर काढायचा."

आज ऊन आहे.
समोरच्या चहागाड्यावरून गंगव्वा विचारते,
"काय काढालाय ओ?
बोर्डाचं परत काय निघालं काय?"
नाही म्हटलं, नुसते फोटो.
"नुसते?"
ती भिंतीकडं बघते, मग कॅमेऱ्याकडं.
"तितं काय बी न्हाई की."

तिच्याकडून बादलीभर पाणी मागून घेतलं
आणि भिंतीवर फेकलं.

ओल खाली उतरत गेली तसं एकेक वर आलं.
सगळ्यात वर सिमेंटची जाहिरात, कन्नड,
आप्पेपात्रातल्या आप्प्यांसारखी गरगरीत अक्षरं.
गंगव्वानं ती बोट धरून वाचली.
तिच्याखाली कपड्यांची नीळ.
तिच्याखाली टॉकीजचा बाण: शंभर पावलं.
टॉकीज गेलं,
बाण अजून मोबाइलच्या शोरूमकडं बघतो आहे.
आणि सगळ्यात आत, काजळी काळ्या रंगात,
हे मी वाचलं, मोठ्यानं:

कंदील छाप विडी
कामात हुशारी, जिवाला उभारी
फोन ४७

सिमेंटच्या आणि विडीच्या, दोन्हीच्या कोपऱ्यात
सहीच्या जागी तोच बारका कुंचला काढलेला.
'कंदील'मधल्या द ला दोन वेलांट्या.
आधी ऱ्हस्व दिली असणार,
दिवाणजींनी दटावलं असणार,
दस्तगीरनं ती पिवळ्यानं बुजवून दीर्घ काढली.
पिवळा आधी उडाला.
आता दोन्ही आहेत,
द मध्ये अडकलेला, कुणीकडं वळावं ते न कळून.
मी गुडघ्यावर बसलो, त्या एकट्या द चे अकरा फोटो काढले.

"उभारी," गंगव्वा म्हणाली, आणि हसली.
हसणं कपबशीच्या आवाजात मिसळलं.
"आमची अव्वा ह्याच वखारीत तंबाकू चाळायची.
तोंडाला फडकं बांधून.
घरला आली की आधी केस झटकायची, मग आमाला जवळ घ्यायची.
मरेपातूर खोकली."

भिंत वाळायला लागली होती.
टॉकीज गेलं, नीळ गेली,
फोन ४७ मधला सात तेवढा जरा वेळ राहिला.

तिनं पदराला हात पुसले.
"दावा की, काय काढलं ते."
मी पडद्यावर एकेक सरकवत गेलो.
द. द. वेलांटी. कुंचला. बाण. द.
ती खाली वाकून बघत राहिली,
शेवटचा फोटो गेल्यावरही बघत राहिली.
"अन् दार?
त्या कडंचं बारकं दार. बायकांचं.
अव्वा तितनं यायची भाईर."

दार भिंतीतच होतं, सिमेंटच्या डाव्या हाताला,
माझ्या खांद्याएवढ्या उंचीचं,
विटांनी बुजवलेलं.
तीन रविवार मी ते चौकटीबाहेर ठेवत होतो,
अक्षरं नीट यावीत म्हणून.

ऊन केव्हाच वर सरकलं होतं.
गंगव्वानं बादली उचलली, नळाखाली लावली.